विकलेला गेम परत काढून घेता येतो का? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास सांगलीहून खुले पत्र

प्रति,
मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
नवी दिल्ली

विषय : पैसे घेऊन विकलेले व्हिडिओ गेम एकतर्फी बंद करणे, विक्रीनंतर त्यांच्या अटी बदलणे आणि याबाबत ग्राहकाला दाद मागण्याची सोय नसणे

महोदय,

सांगलीत विश्रामबाग परिसरात माझे संगणक आणि गेमचे कन्सोल दुरुस्त करण्याचे दुकान आहे. मी स्वतः शाळेपासून गेम खेळत आलो आहे आणि दुकानामुळे खेळणाऱ्यांशी रोज गाठ पडते. वालचंद महाविद्यालयात शिकणारी मुले, कुपवाड एमआयडीसीत पाळीवर जाणारे कामगार, मिरजेच्या रुग्णालयांत उमेदवारी करणारे तरुण डॉक्टर आणि ‘दहावीची परीक्षा होईपर्यंत हा कन्सोल तुमच्याकडेच कुलपात ठेवा’ असे सांगायला येणारे पालक, असा हा सगळा वर्ग आहे. या मंडळींचा गेम बनवणाऱ्या कंपन्यांवर एवढा राग का असतो, हा विषय आपल्या कार्यालयात कधी चर्चेला आला असेल असे मला वाटत नाही, आणि आला असलाच तर पोरासोरांचा रुसवा म्हणून तो बाजूला ठेवला गेला असावा. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गेम अवघड आहे, चित्रे बेताची आहेत, कथा रटाळ आहे, अशा तक्रारी माझ्या काउंटरवर होतात, पण त्या चहा संपेपर्यंत टिकतात. न आवडलेल्या गेमवर कोणी वर्षभर धुमसत बसत नाही. जो राग टिकतो तो वेगळा आहे. सौदा ठरला, पैसे दिले, माल हातात आला, आणि त्यानंतर विकणाऱ्याने सौद्याच्या अटी एकट्यानेच बदलल्या, त्यावर जाब विचारायला समोर कोणी माणूसही नाही, अशा प्रसंगातून तो येतो. आपल्या प्राधिकरणाची स्थापना नेमक्या अशाच प्रसंगांसाठी झाली आहे, असे ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ वाचून माझे मत झाले आहे.

या विषयावर जगभर चर्चा पेटली ती ‘द क्रू’ या मोटारींच्या शर्यतीच्या गेमवरून. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने तो डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आणला. त्यात एकट्याने खेळायचा मोठा भाग होता, परंतु तो भागही इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरशी, म्हणजे तिच्या मध्यवर्ती संगणकाशी, जोडल्याशिवाय सुरू होत नसे. डिसेंबर २०२३ मध्ये त्याची विक्री थांबवण्यात आली आणि ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले. त्या दिवसापासून ज्याच्या कपाटात रोख पैसे मोजून घेतलेली डिस्क आहे त्यालाही तो गेम खेळता येत नाही. पुढे एप्रिलमध्ये अनेकांच्या खात्यांतून तो गेम काढूनही घेण्यात आला. कॅलिफोर्नियातील दोन ग्राहकांनी कंपनीविरुद्ध दावा दाखल केला, तेव्हा ग्राहकाने गेम विकत घेतलाच नव्हता, त्याला तो वापरण्याचा मर्यादित परवाना तेवढा मिळाला होता, अशी बाजू कंपनीने मांडली. दुकानात वेष्टनावर किंमत छापून विकलेल्या वस्तूबद्दल हा युक्तिवाद केला जातो, याचे नवल वाटते.

आमच्या शेजारी मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे घडवणारे कारागीर आहेत. आजोबांनी घेतलेला तंबोरा नातू जवारी काढून घ्यायला त्यांच्याकडे आणतो, तेव्हा हे वाद्य वाजवण्याची तुमची मुदत संपली असे त्याला कोणी सांगत नाही. वाद्य जुने झाले, भोपळ्याला तडा गेला, तर तो वस्तूचा स्वभाव झाला आणि गिऱ्हाईक तो समजून घेते. धडधाकट वस्तू दुरून बंद पाडणे ही गोष्ट निराळी आहे.

सर्व्हर चालवायला पैसे लागतात, मोटारींची नावे आणि पार्श्वसंगीत वापरण्याचे करार काही वर्षांनी संपतात, आणि कोणताही गेम अनंतकाळ चालवा असे कोणत्याही कंपनीला सांगता येणार नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. खेळणाऱ्यांपैकी शहाणी माणसे तशी मागणी करतही नाहीत. मागणी एवढीच आहे की कंपनीने आपला हात काढून घेताना ग्राहकाच्या हातातली वस्तू निकामी करू नये. हे अशक्य आहे असे कंपन्यांच्या संघटना सांगतात, परंतु ज्यांनी ते करून दाखवले आहे अशांची उदाहरणे समोर आहेत. ‘नॉकआउट सिटी’ हा गेम जून २०२३ मध्ये बंद करताना तो बनवणाऱ्या छोट्या स्टुडिओने संगणकावर खेळणाऱ्यांसाठी स्वतःचा सर्व्हर स्वतः चालवण्याची आवृत्ती देऊ केली. ‘फोर्झा होरायझन ४’ ची विक्री परवाने संपल्यामुळे डिसेंबर २०२४ मध्ये थांबली, परंतु ज्यांनी आधी घेतला होता त्यांच्याकडे तो चालूच राहिला. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि जेमतेम दोन आठवड्यांत बंद झाला. बाजारात तो सपशेल आपटला, पण कंपनीने विकत घेणाऱ्यांना पूर्ण पैसे परत केले, आणि त्यामुळे त्या गेमची थट्टा पुष्कळ झाली तरी फसवणूक झाली असे कोणी म्हटले नाही. खुद्द युबिसॉफ्टनेही एवढा गदारोळ झाल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये ‘द क्रू’ च्या पुढच्या दोन गेममध्ये इंटरनेटशिवाय खेळण्याची सोय आणू असे जाहीर केले. जे मागाहून करता येते ते आधीच का केले जात नाही, याचे उत्तर तंत्रज्ञानात सापडत नाही. ग्राहकाला उत्तर देणे बंधनकारक नाही, एवढेच ते उत्तर आहे.

ग्राहक चिडून बोलला तर निर्णय बदलतात, याचा अनुभव या धंद्याला जुना आहे. २०१३ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या नव्या एक्सबॉक्स वनसाठी चोवीस तासांतून एकदा इंटरनेटशी जोडणी आवश्यक ठरवली होती आणि वापरलेल्या डिस्कच्या देवघेवीवर बंधने आणली होती. लोक एवढे संतापले की त्याच महिन्यात, १९ जूनला, कंपनीने दोन्ही गोष्टी मागे घेतल्या. परदेशात हा तत्त्वाचा वाद होता, पण सांगलीसारख्या गावात तो सरळ खिशाचा होता. मोठ्या कंपनीचा नवा कन्सोल गेम आज पाच हजार रुपयांच्या घरात जातो. आमच्याकडे तो चौघे वर्गणी काढून घेतात, एकाचा संपला की दुसऱ्याकडे जातो, आणि शेवटी निम्म्या-पाऊण किमतीला विकून पुढच्याची सोय होते. माझ्या दुकानातल्या काचेच्या कपाटात अशा डिस्कची एक फळी आहे आणि तिच्यावर कित्येक मुलांचे खेळणे चालते. डिस्क न घेता इंटरनेटवरून आपल्या खात्यावर उतरवून घेतलेला गेम असा कोणाला देता येत नाही, विकता येत नाही, आणि गेम आता बहुतांशी तसेच विकले जातात. निन्टेन्डोच्या २०२५ मध्ये आलेल्या नव्या कन्सोलच्या काही गेमच्या कार्डात तर गेमच नसतो. कार्ड लावल्यावर तो इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा असतो.

येथे आमच्या गावापुरती एक गोष्ट सांगितली पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले, गावभागातली तळमजल्यावरची घरे बुडाली, आणि पाणी ओसरल्यावर माझ्याकडे गाळाने भरलेले कन्सोल आणि डिस्कच्या थप्प्या येऊ लागल्या. कन्सोलचे बोर्ड बहुतेक गेलेच होते. डिस्कचे मात्र तसे नसते. गाळाने माखलेली डिस्क साध्या पाण्याने धुऊन, मऊ कापडाने मधून कडेकडे पुसून सावलीत वाळवली तर बहुधा चालते, आणि त्या वेळी अशा कित्येक डिस्क चालल्या. तरीही त्यानंतर अनेक गिऱ्हाइकांनी डिस्क घ्यायचे सोडले. पुन्हा पूर आला तरी खात्यावरचा गेम वाहून जाणार नाही, असा त्यांचा हिशोब होता आणि तो चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. नदीचे पाणी चढते ते पुलावरच्या आकड्यांवर दिसते, धोक्याची पातळी ४५ फूट हे लहान मुलालाही ठाऊक असते. सर्व्हर कधी बंद होणार याचा असा कोणताही आकडा विकत घेताना कोणाला दाखवला जात नाही.

दुसरा प्रकार मोबाइलवरच्या फुकट गेमचा आहे आणि आपल्या अधिकारक्षेत्रात तो अधिक सरळपणे येतो. मागे एक नववीतला मुलगा वडिलांना घेऊन दुकानात आला होता. वडिलांच्या फोनवरून यूपीआयने गेलेले पैसे परत मिळवता येतात का, हे त्यांना विचारायचे होते. मुलाने मला त्या गेममधले दुकान उघडून दाखवले. पडद्यावर एका पात्राचा झगमगीत पोशाख, त्याच्या डोक्यावर उलटे धावणारे घड्याळ, आणि किंमत रुपयांत नव्हे तर हिऱ्यांत. हिरे सुटे मिळत नाहीत, त्यांचे ठरावीक गठ्ठे असतात. लहान गठ्ठा त्या पोशाखाला थोडा कमी पडेल आणि मोठा घेतला तर थोडे हिरे उरतील, अशी रचना असते, आणि उरलेले हिरे पुढच्या खरेदीची वाट पाहत खात्यात पडून राहतात. मी त्या मुलाला त्या पोशाखाची रुपयांत किंमत किती झाली असे विचारले, तर गणितात हुशार असलेल्या त्या मुलालाही ती चटकन सांगता आली नाही. काही दिवसांनी तो पुन्हा आला तेव्हा तोच पोशाख त्याच किमतीला नव्या घड्याळासह पुन्हा विक्रीला होता. आपल्या प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी संकेतस्थळे आणि ॲपमधील फसव्या रचनांबाबत (‘डार्क पॅटर्न्स’) जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांत तेरा प्रकार दिले आहेत, आणि खोटी निकड दाखवून खरेदी करायला लावणे हा त्यांतलाच एक आहे. विमानाचे तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळाने असे घड्याळ लावले तर ते चालत नाही. मग पंधरा वर्षांच्या मुलापुढे लावलेले कसे चालते, हे आपण कृपया स्पष्ट करावे.

आत काय निघेल हे न सांगता विकल्या जाणाऱ्या पेट्यांबद्दल फार लिहीत नाही, कारण तो विषय जगात बराच पुढे गेला आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ या पूर्ण किमतीच्या गेममध्ये अशा पेट्या निघाल्यावर ग्राहकांनी एवढा गहजब केला की इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीला गेम बाजारात येण्याच्या आदल्या दिवशी त्यातली पैशांची खरेदी स्थगित करावी लागली, आणि बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये काही गेममधल्या अशा पेट्या जुगारात मोडतात असा निष्कर्ष काढला. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगबाबत जो कायदा केला त्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. जुगार कोणता आणि खेळ कोणता याची रेघ ओढली गेली हे चांगलेच झाले, परंतु रेघेच्या अलीकडे, खेळाच्या बाजूला, जो ग्राहक उभा आहे त्याच्या पैशांचे काय, याचा विचार अजून व्हायचा आहे.

सरकारी निर्णयांनीही या ग्राहकाला असेच वाऱ्यावर सोडले आहे, आणि हे आपल्याला लिहिताना लपवण्याचे कारण नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली ११८ ॲपवर बंदी आली, त्यांत पबजी मोबाइल हा लोकप्रिय गेम होता. जुलै २०२१ मध्ये त्याच्या जागी आलेला बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये ॲप स्टोअरवरून हटला आणि मे २०२३ मध्ये परतला. राष्ट्रीय सुरक्षेचा निर्णय सरकारचा आहे आणि त्यावर मी बोलणार नाही. बीजीएमआय आल्यावर जुन्या खात्यातील वस्तू नव्यात आणण्याची सोय कंपनीने काही काळ दिली होती, हेही खरे. पण या सगळ्या उलथापालथीत लोकांनी पैसे देऊन घेतलेल्या वस्तूंची जबाबदारी कोणाची, याबद्दल कोणत्याही सरकारी निवेदनात एक ओळ माझ्या वाचनात आली नाही.

जबाबदारी टाळण्याची पद्धत कशी असते ते मी स्वतः अनुभवले आहे. कंपनीचे नाव घेत नाही, कारण पद्धत सगळ्यांची सारखीच आहे. मी पूर्ण किंमत देऊन घेतलेल्या एका गेममधला मित्रांबरोबर खेळायचा भाग बंद झाला. तक्रार करायला गेलो तर प्रथम यंत्राने इंग्रजीत संवाद साधला, मग आपला प्रश्न सुटला असे गृहीत धरून संवाद बंद केला. पुन्हा लिहिल्यावर अटी आणि शर्तींचा दुवा आला. त्यात कंपनी कोणतीही सेवा केव्हाही, कारण न देता बंद करू शकते, असे एक कलम आणि वाद झाल्यास तो परदेशातल्या शहरात सोडवला जाईल असे दुसरे कलम होते. युबिसॉफ्टसारख्या कंपनीचे स्टुडिओ पुण्यात आणि मुंबईत आहेत, आमच्या भागातली मुले तिथे नोकरीची स्वप्ने पाहतात, म्हणजे काम भारतात होऊ शकते, विक्री भारतात होऊ शकते, फक्त तक्रार ऐकून घेणे भारतात होऊ शकत नाही.

वास्तविक कायदा याला पुरेसा आहे, आणि म्हणूनच हे पत्र मी कंपन्यांना न लिहिता आपल्याला लिहिले आहे. २०१९ च्या अधिनियमातील कलम २(४६) मध्ये अन्याय्य कराराची जी व्याख्या आहे तिच्यात, वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा अधिकार एका पक्षाला देणारी अट स्पष्टपणे येते. अशी अट रद्दबातल ठरवण्याचा अधिकार राज्य आयोगाला आहे, पण त्यासाठी सांगलीच्या माणसाने पाच हजारांच्या गेमसाठी जिल्हा आयोग ओलांडून राज्य आयोगापुढे जावे ही अपेक्षा व्यवहार्य नाही. ई-कॉमर्सबाबतचे २०२० चे नियम डिजिटल उत्पादनांनाही लागू आहेत आणि भारतातील ग्राहकांना नियमितपणे विक्री करणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही. त्यांत तक्रार निवारण अधिकारी नेमणे, ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि एका महिन्यात ती सोडवणे बंधनकारक आहे. एकेकट्या ग्राहकाने लढण्यापेक्षा ग्राहकांच्या संपूर्ण वर्गाच्या वतीने चौकशी करण्याचा आणि मार्गदर्शक तत्त्वे काढण्याचा अधिकार कायद्याने आपल्याला दिला आहे.

तो वापरून गेमच्या विक्रीसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढावीत, ही माझी विनंती आहे. खरेदीच्या बटणाजवळच, अटींच्या जंगलात न लपवता, गेम एकट्याने खेळायलाही इंटरनेट लागते का आणि तो किमान कोणत्या तारखेपर्यंत चालेल, हे लिहिणे सक्तीचे करावे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून, ग्राहकाला मालकी नव्हे तर परवाना मिळत आहे हे विक्रेत्याने स्पष्ट सांगावे लागते, आणि आपल्याकडे त्याहून एक पाऊल पुढे जाता येईल. तारखेआधी गेम बंद केला तर पैसे परत मिळावेत, आणि तारखेनंतर बंद केला तर निदान एकट्याने खेळायचा भाग चालता ठेवावा किंवा ग्राहकांना स्वतःचा सर्व्हर उभारू द्यावा. गेममधल्या प्रत्येक वस्तूची किंमत हिऱ्यांबरोबर रुपयांतही दिसावी. युरोपात हीच मूळ मागणी घेऊन ‘स्टॉप किलिंग गेम्स’ या मोहिमेला दहा लाखांहून अधिक सह्या मिळाल्या आहेत आणि युरोपीय आयोगाला तिची दखल घेणे भाग पडले आहे. आपल्याकडे सह्यांची वाट पाहण्याची गरज नाही, कारण कायदा आधीच आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये फसव्या रचनांबाबतचा मसुदा खुला करून जनतेकडून सूचना मागवण्यात आल्या होत्या. याही वेळी तसे करावे आणि मसुदा मराठीतही उपलब्ध करावा. तो आला की मी दुकानात येणाऱ्या खेळणाऱ्यांना आणि त्यांच्या पालकांना वाचायला देईन, आणि त्यांच्या सूचना, कोणाचा कोणता गेम कधी बंद पडला याच्या पावत्यांसह, मुदतीच्या आत आपल्याकडे पाठवीन.

आपला विश्वासू,
गेम खेळणारा एक ग्राहक आणि दुकानदार,
विश्रामबाग, सांगली